शांतिदूत व्हायचंय? पासपोर्ट साइज फोटो तयार ठेवा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचा सत्कार झाला. त्यांना शांतता आणि मानवाधिकारांसाठीचा कसलासा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. नाव एवढं लांब की फ्लेक्सवर तीन ओळी गेल्या. वर्गणी घरटी पाचशे. दिली. (पावती अजून यायचीय.) दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून जे ज्ञान झालं ते स्वतःपाशी ठेवणं बरं नव्हे, म्हणून लिहिते.

आधी ओस्लोचा नाद सोडा. ती मंडळी जुन्या वळणाची. नोबेलच्या शांतता पुरस्काराला स्वतःच स्वतःचं नाव पाठवलं तर थेट बाद. दुसऱ्यांनी सुचवलेली नावंही 50 वर्षं गुप्त! तोवर फ्लेक्सवाला थांबेल का? गांधीजींचं नाव 1937, 38, 39, 47 आणि 48 असं पाचदा गेलं. हाती काय आलं? 1948 मध्ये तर समितीने 'लायक असा हयात उमेदवार नाही' म्हणून पुरस्कारच दिला नाही. आमच्या साहेबांनी व्हॉट्सॲपवर आलेला फॉर्म एकदाच भरला, साडेसात हजार 'नोंदणी शुल्क' जीपे केलं आणि आठवड्यात निवड. बापूंना कुणी लिंकच पाठवली नाही.

काम करत बसू नका. बाबा आमट्यांना 1988 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला, पण तोवर कुष्ठरोग्यांमध्ये किती वर्षं गेली होती!

फोटोत कबुतर हवंच. बाल्कनीला जाळी मारली असेल तर एडिट करून घ्या.

तुरुंगात मात्र चुकूनही जाऊ नका, सत्कार हुकतो. 2023 मध्ये इराणच्या मानवाधिकार कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदी तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या, शांततेचं नोबेल घ्यायला त्यांची जुळी मुलं गेली. 2010 मध्ये चीनने तुरुंगातल्या लिऊ शाओबो या लोकशाहीवादी लेखकाला सोडलं नाही, तेव्हा ओस्लोच्या व्यासपीठावर त्यांची खुर्ची रिकामी ठेवली होती. तशा आमच्याकडेही पहिल्या रांगेत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. पाहुणे आलेच नाहीत. वॉचमनकाका मात्र दोन तास हारांचं ताट धरून दारात उभे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकारांचा जाहीरनामा वाचू नका. 10 डिसेंबर 1948 चा आहे, उगाच जुनं कशाला उकरायचं? वाचलात तर फसाल. पहिल्याच कलमात म्हटलंय की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि प्रतिष्ठेने समान. (आधी तिथे 'सगळे पुरुष' होतं. 'सगळी माणसं' करायला लावलं ते तिथल्या भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांनी.) हे वाचून लिफ्टपाशी गेलात की पंचाईत. तिथे साहेबांच्या सहीची पाटी आहे, 'घरकामगार व डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा.' आमच्या मावशींचे दोन्ही गुडघे गेलेत. पाच मजले चढून येतात, दारातच टेकतात, पाणी पितात आणि मग झाडू हातात घेतात. मीटिंगमध्ये विषय काढला तर उत्तर काय? "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा." सगळ्यांना? तुमच्या सासूबाई कोणत्या जिन्याने येतात हो? आणि कलम 24, विश्रांतीचा हक्क, कामाच्या तासांना मर्यादा, पगारी सुट्टी. वॉचमनकाकांची ड्यूटी बारा तासांची. सुट्टी घेतली की पगार कापला. गेल्या गणपतीत गावी गेले तर चार दिवसांचे पैसे कापलेत, आणि भाषणात 'शोषितांचा आवाज' म्हणे!

जाऊ दे, नाही जमत मला हा उपरोध. साहेब, हे मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतेय, तेव्हा नीट वाचा. ती पाटी काढा. काकांना बसायला खुर्ची द्या, आठवड्याची सुट्टी द्या, पैसे न कापता. आणि बाकीच्यांनो, तुम्हीही नुसते अंगठ्याचे इमोजी टाकू नका. त्या मीटिंगमध्ये मी बोलत होते तेव्हा सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होतात. रविवारी टाळ्या मात्र जोरात वाजवल्यात, आइस्क्रीम दोनदा घेतलंत.

सत्कारानंतर ट्रॉफीचा खोका वर न्यायला काकांनाच हाक मारलीत ना साहेब? खोका लिफ्टमध्ये ठेवून घेतलात आणि म्हणालात, "तुम्ही या जिन्याने." मी तिथेच उभी होते. लाज नाही वाटली?