शह नाही, तरी जायला घर नाही

बुद्धिबळात स्टेलमेट म्हणजे काय, ते अण्णांनी मला तिसरीत असताना दाखवलं. त्यांचा एकटा राजा पार कोपऱ्यात. मी वजीर नेऊन ठेवला कोपऱ्यापासून घोड्याच्या अडीच घरांवर आणि टाळ्या पिटल्या. अण्णांनी पटावर बोट टेकवलं. "मला शह आहे का?" नव्हता. "मग मी जाऊ कुठे?" राजाभोवतीची तिन्ही घरं वजिराने अडवलेली. हातातला डाव बरोबरीत सुटला, अर्ध्या गुणावर आला.

हल्ली कुठलीही बोलणी अडली की टीव्हीवर लगेच 'स्टेलमेट' म्हणतात. मला ते पटत नाही. तिथे दोघांकडेही चाल असते, कुणाला ती करायची नसते एवढंच. पटावर मात्र वाट एकाचीच बंद होते, आणि बहुतेक वेळा ती बंद करणारा वरचढ असतो.

हे आत्ता लिहायचं कारण अण्णाच. वय ८१. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले. मग आम्ही स्कूटरची किल्ली काढून घेतली. मंडई बंद. गॅसजवळ जायचं नाही. बँकेचं सगळं भावाच्या मोबाइलवर. त्यांच्यावर कुणी आवाज चढवला नाही, सगळं काळजीपोटीच केलं. मागच्या महिन्यात सकाळी बघते तर अण्णा गॅलरीत खुर्चीवर, पायात चपला, मांडीवर कापडी पिशवीची घडी.

"अण्णा, कुठे निघालात?"

"कुठे नाही गं."

पोटात कालवलं माझ्या.

जुन्या अरबी शतरंजात राजाला असं कोंडलं की कोंडणारा जिंकायचा. इंग्लंडमध्ये १७व्या-१८व्या शतकात नेमकं उलट होतं, कोंडणाराच हरायचा. १९व्या शतकात तिथे बरोबरीचा नियम आला. मला विचाराल तर तो जुना इंग्लिश नियमच न्यायाचा वाटतो. एवढं बळ हाताशी असताना समोरच्याला एक घर मोकळं ठेवता येत नसेल, तर अर्धा गुण तरी कशाला द्यायचा? घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकाने एकदा मोजून बघावं, त्यांच्यासाठी किती घरं उरली आहेत.

भावाशी वाद झाला, होऊ दे. परवापासून कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध अण्णाच आणतात. पहिल्या दिवशी मी गॅलरीतून डोळ्यात तेल घालून बघत होते. वीस मिनिटं लागली. पिशवीत दुधाबरोबर कोथिंबिरीची जुडी होती. आणायला कुणीच सांगितली नव्हती.