‘९५ टक्के अचूक’: कशाचे टक्के, कुठल्या गाठीचे?

‘सीटी असो की एमआरआय, फाइल टाका, एआय मिनिटभरात ९५ टक्के अचूक गाठ आखून देतं. जुन्या पद्धती मोडीत निघाल्या, आता आखायला डॉक्टरही नको.’ हा दावा सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातलं मिनिटभर तेवढं मान्य.

आधी ते ९५ टक्के. सीटीच्या एका स्लाइसमध्ये (शरीराच्या एका पातळ कापाच्या चित्रात) ५१२×५१२, म्हणजे २,६२,१४४ पिक्सेल असतात. गाठ ४०० पिक्सेलची आहे आणि प्रोग्रामने काहीच न आखता कोरा मास्क (कुठला पिक्सेल गाठीचा, हे दाखवणारा नकाशा) परत दिला, तरी ९९.८ टक्क्यांहून जास्त पिक्सेल ‘बरोबर’ निघतात! म्हणून या कामात डाइस गुणांक बघतात: दोन्ही आखण्यांत सामाईक असलेले पिक्सेल, त्यांची दुप्पट, भागिले दोन्ही आखण्यांची बेरीज. पण हाही आकाराला भुलतो. २००×२०० पिक्सेलचा चौकोन एक पिक्सेल सरकला तर डाइस ०.९९५ येतो, ५×५ चा तेवढाच सरकला तर थेट ०.८०. चूक तीच. त्यामुळे यकृताचा ०.९५ आणि गाठीचा ०.९५ एका तागडीत तोलता येत नाहीत. यकृत आणि गाठ मिळून एकच आकडा दिला असेल, तर तो वाचूच नका. यकृत साधारण दीड लिटरचं, एक सेंटिमीटरची गाठ जेमतेम अर्धा मिलिलिटर. ती अख्खी सुटली तरी आकडा हलत नाही.

‘सीटी असो की एमआरआय’ हे तर सर्वांत धोक्याचं. सीटीला पक्की मोजपट्टी आहे: पाणी ०, हवा उणे १०००. एमआरआयला अशी पट्टीच नाही; मशीन किंवा सीक्वेन्स (चित्र घेण्याची पद्धत) बदलला की त्याच ऊतीचा आकडा बदलतो. सीटीतही डायकॉम फाइलमधला (स्कॅन साठवायच्या ठरलेल्या स्वरूपातला) आकडा या पट्टीवर आणायला त्याच फाइलमध्ये दिलेल्या स्लोपने गुणून त्यात इंटरसेप्ट (बऱ्याचदा उणे १०२४) मिळवावा लागतो. ते राहिलं की सगळं चित्र हजारभराने सरकतं. मोबाइलवरून आलेला स्क्रीनशॉट दिला, तर हजारो छटांच्या उरतात २५६, आणि एक पिक्सेल किती मिलिमीटरचा हेही हरवतं. मग गाठीचं आकारमान कशावरून काढणार?

स्लाइसची जाडी बदलताना आणखी एक खड्डा आहे. मास्कमधली लेबलं, म्हणजे अवयवांना दिलेले नुसते क्रमांक, यकृत १, प्लीहा २, मूत्रपिंड ३ अशी असताना मास्कवर लीनियर इंटरपोलेशन (शेजारच्या आकड्यांवरून मधला आकडा काढणं) चालवलं, की १ आणि ३ च्या मधोमध २ येतो. यकृत आणि मूत्रपिंडाच्या सीमेवर प्लीहेची पातळ साल उगवते. चित्राला लीनियर चालतं. मास्कला निअरेस्ट नेबरच (सर्वांत जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा घेणं) लावायचं.

जुन्या पद्धतींचं म्हणाल, तर फुप्फुस आखायला आजही सीटीच्या पट्टीवर उणे ४०० च्या आसपासचा थ्रेशोल्ड घ्या (त्या आकड्याखालचे पिक्सेल निवडा), चित्राच्या कडेला टेकलेली हवा काढा, श्वासनलिका वेगळी करा, सर्वांत मोठे तुकडे ठेवा आणि क्लोजिंग करा (कडेच्या खाचा आणि भोकं भरून घ्या). साध्या लॅपटॉपवर होतं. क्लोजिंग विसरलात तर छातीच्या भिंतीला चिकटलेली गाठ नेमकी बाहेर राहते. हां, न्यूमोनियाने भरलेलं फुप्फुस काळं दिसतच नाही, तिथे थ्रेशोल्ड हात टेकतो. तिथे २०१५ मध्ये फ्रायबुर्गहून आलेल्या यू-नेटच्या (चित्रातले भाग आखायला शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कच्या) घराण्यातलं काहीतरी लागतं.

आणि डॉक्टर नको? यू-नेट शिकतं ते डॉक्टरांनी हाताने आखलेल्या मास्कवरच. दोन डॉक्टरांच्या आखण्यांत आपसातच डाइस ०.८५ असेल आणि मॉडेल ०.९५ सांगत असेल, तर मॉडेलने एकाच डॉक्टरची हातोटी पाठ केलेली असते किंवा पेपर फुटलेला असतो. फुटतो तो असा: एकाच रुग्णाच्या काही स्लाइस शिकवायला, काही तपासायला. शेजारच्या दोन स्लाइस जवळजवळ सारख्याच, त्यामुळे परीक्षेत पाहिलेलाच प्रश्न येतो. विभागणी रुग्णनिहाय होती की स्लाइसनिहाय, हे दावा करणाऱ्याला विचारा.