कंबर नेमकी कुठे असते?

रिसेप्शनचा ड्रेस घ्यायचा तर आधी आपण कोणतं फळ आहोत हे ठरवावं लागतं. खांदे अरुंद आणि खाली पसारा असेल तर नासपती, सगळा ऐवज मधोमध असेल तर सफरचंद. फळांत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि आयत आहेत. माझ्यावरून घरात तट पडले. आई म्हणाली नासपती, धाकटी बहीण म्हणाली सफरचंद, आणि मावशी म्हणाली, "अगं, लग्न ठरल्यापासून जरा भरलीय, एवढंच." यादीत फणस नाही याचं मला मनापासून बरं वाटलं.

विधींची काळजी नव्हती. मामाकडची पिवळी अष्टपुत्री, मग शालू, सगळं ठरलेलं. साडी बिचारी कुणाला माप विचारत नाही. साडेपाच मीटर कापड. नेसणारी रुंद असेल तर दोन निऱ्या कमी येतात, रोड असेल तर दोन जास्त, आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण आता इंदुरात रिसेप्शनला साडी नेसलेल्या नवरीला लोक नवरीची मोठी बहीण समजतात (ताईला तिच्याच लग्नात हा अनुभव आला). म्हणून लेहंगा किंवा गाऊन. आणि इथून पुढे सगळा घोळ कंबरेचा.

मला वाटायचं, कंबर असते तिथे असते. तसं नाही. ड्रेसचे सगळे आकार म्हणजे कंबर कुठे आहे याबद्दल उठवलेल्या अफवा आहेत. एम्पायर कट ती थेट छातीखाली नेऊन ठेवतो. नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्ये हे खूळ होतं, आणि पोट झाकायला ते अजून कामाला येतं. १९२० च्या दशकात तीच कंबर घसरत नितंबांवर आली. बॉल गाऊन खऱ्या कंबरेला आवळतो आणि खाली एवढा घेर सोडतो की नासपतीचं खालचं सगळं प्रकरण आतल्या आत बेपत्ता. त्यातल्या त्यात समजूतदार ए-लाइन: वर बेताची, खाली हळूहळू रुंद होत जाणारी, कुठल्याही फळाला चालते. १९५५ साली ख्रिश्चन दिऑरने आपल्या कलेक्शनला हे नाव दिलं. माझ्या आजीने यातलं काहीही ठाऊक नसताना परकराची नाडी जन्मभर एकाच जागी बांधली, आणि तिच्या फिगरबद्दल कुणी बैठक बोलावल्याचं ऐकिवात नाही.

शीतलामाता बाजारात नेपोलियनला कुणी विचारत नाही. आपण गादीवर टेकलो की दुकानातला भैया एकदा नजर टाकतो आणि फळ ओळखतो. बोलत मात्र नाही. "दीदी, आप पे तो सब जमेगा," म्हणत त्याने पहिल्यांदाच फिशकट काढला. फिशकट म्हणजे गुडघ्यापर्यंत अंगाला चिकटून आणि तिथून पुढे शेपटी. घातला. आरशात मी चांगली दिसत होते, उगीच खोटं कशाला बोला. बहिणीने फोटो काढले, आईने डोळे पुसायची तयारी केली. मावशी गादीवर पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "नमस्कार करून दाखव."

मी वाकले. म्हणजे वाकायला सुरुवात केली. गुडघे एकमेकांपासून चार बोटंसुद्धा लांब जाईनात. नुसतं कमरेतून वाकावं तर पाठीमागची चेन कुरकुरली. मावशीच्या पायांकडे निघालेले हात तिच्या गुडघ्यांशीच थांबले, आणि सरळ होताना मला भैयाचा खांदा धरावा लागला.

"दीदी, बस हाथ जोड़ लेना," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने मुकाट्याने फिशकटचा हँगर शोधायला घेतला. आमच्याकडे स्टेजवर येणाऱ्यांत निम्मी मंडळी सत्तरीपुढची. नुसते हात जोडले तर ती जेवायला जातात आणि तिथे सगळ्यांना सांगतात. कोणत्या बांध्याला कोणता कट खुलतो हे सांगणाऱ्या एकाही तज्ज्ञाला चुलत आजेसासूबाईंच्या पाया पडायचं नसतं, त्यामुळे ही बाजू त्यांच्याकडून राहून गेलेली दिसते.

शेवटी कळीदार लेहंगा ठरला. कळ्या वर निमुळत्या आणि खाली रुंद, त्यामुळे घेर मिळतो पण कंबरेशी चुण्यांचा गठ्ठा होत नाही. शिवणी उभ्या असल्यामुळे बाई जरा उंचही वाटते. घेर फुलवणारी आतली कॅनकॅनची कडक जाळी मी निम्मी काढायला लावली. स्टेजवरच्या सोफ्यावर नवऱ्यालाही बसायचं आहे.

राहिलं माप. मास्टरजी वयस्कर, गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कमर कहाँ पहनती हो?" आई म्हणाली बेंबीवर, बहीण म्हणाली बेंबीच्या बरीच खाली, मावशी म्हणाली दोन्हींच्या मध्ये. मास्टरजींनी कुणाचंच ऐकलं नाही. लेसचा एक तुकडा माझ्या पोटाभोवती सैलसर बांधला आणि म्हणाले, "अब दाएँ-बाएँ झुको." मी दोन्हीकडे कलले. लेस सरकत सरकत एका जागी जाऊन बसली: बेंबीच्या जरा वर, जिथे आमच्यापैकी कुणीच बोट ठेवलं नव्हतं. "ये रही," मास्टरजी म्हणाले. मग त्यांनी मला त्या दिवशीच्या सँडल घालायला लावल्या, कारण टाच धरली नाही तर लेहंगा घोट्यावर येतो. त्या घरी राहिल्या होत्या. तेवढ्याच उंचीच्या मावशीच्या निघाल्या, आणि उंची उतरवून होईपर्यंत मावशी अनवाणी सूचना देत राहिली.

"शादी कब है?"

"अभी महीना है," आई म्हणाली.

मास्टरजींची पेन्सिल थांबली. "महाराष्ट्रीयन फैमिली?"

"हाँ."

"मतलब केळवण होंगे."

शब्द त्यांना तोंडपाठ होता, अगदी ळसकट. आईला भरून आलं. तिने लगेच यादी सांगायला घेतली: सुदामानगरच्या आत्याकडे श्रीखंड-पुरी, काकांकडे पुरणपोळी, शेजारच्या काकूंकडे दालबाटी, त्यांनी तर तूप वेगळं कढवून ठेवलंय. मास्टरजी यादी संपेपर्यंत थांबले. मग वहीत कंबरेच्या आकड्यापुढे त्यांनी लिहिलं: मार्जिन ३ इंच, दोनों तरफ.