खरी ९११ नक्की कधी संपली?

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. सारांश असा: "खरी ९११ १९९८ मध्ये संपली. तोवरची एअर-कूल्ड गाडी हलकी होती, कधी बिघडत नव्हती आणि चालवणाऱ्याचा कस लागायचा. इंजिनात पाणी शिरलं आणि नुसता कॉम्प्युटर उरला." (एअर-कूल्ड म्हणजे वाऱ्याने थंड होणारं इंजिन, वॉटर-कूल्ड म्हणजे पाण्याने; "पाणी शिरलं" ते या अर्थाने.) वाचायला झकास आहे. जुनी ९११ मलाही आवडते. तिचे ते जमिनीतून उगवल्यासारखे पेडल, थंड इंजिन सुरू होतानाची खरखर, कुणाला नाही आवडणार? पण आवड वेगळी आणि हिशेब वेगळा.

आधी वजन. (९६४, ९९३, ९९६, ९९७, ९९१, ९९२ ही ९११ च्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांची नावं.) ज्या ९९३ ला ही मंडळी शेवटची खरी ९११ म्हणतात, तिची साधी करेरा १३७० किलोची. तिच्या जागी १९९७ मध्ये आलेली वॉटर-कूल्ड ९९६ करेरा १३२० किलोची. रेडिएटर, नळ्या, पाणी सगळं धरून ५० किलो कमीच. "हलकी" म्हणताना यांच्या डोळ्यासमोर असते १९७३ ची करेरा आरएस २.७, तीही ९६० किलोवाली, घासून-पुसून हलकी केलेली. ती आणि आजची दीड टनाची ९९२ एका तराजूत घातली की निकाल आधीच ठरलेला. आजची गाडी जड आहे, हे कबूल. पण पहिल्या ९११ ची रुंदी १.६१ मीटर होती, ९९२ ची १.८५ आहे. वजन कुठून आलं हे शोधायला पाण्यात बुडी मारायची गरज नाही.

आता पाणी. हा मुद्दा सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत कच्चा. एक तर जुनं इंजिन नुसत्या हवेवर थंड होत नव्हतंच. बरंचसं काम ऑइल करायचं. १९६९ च्या ९११ एस ला त्यासाठी पुढच्या बाजूला वेगळा ऑइल कूलर द्यावा लागला होता. खरी अडचण सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात होती. रस्त्यावरच्या एअर-कूल्ड ९११ ला शेवटपर्यंत दर सिलिंडरला हवा आत-बाहेर सोडणारे दोनच व्हॉल्व्ह होते. ताकद वाढवायची तर चार हवेत. पण चार व्हॉल्व्ह आणि मधोमध स्पार्क प्लग एवढी दाटी झाली की उष्णता नेमकी तिथे साचते जिथे पंख्याचा वारा पोचत नाही. पोर्शेच्या इंजिनिअरांना हे ९९६ च्या कितीतरी आधी कळलं होतं. १९७८ च्या रेसिंगच्या ९३५ मध्ये त्यांनी सिलिंडर हवेवर ठेवले आणि हेड पाण्यावर. १९८६ च्या ९५९ या पोर्शेच्या गाडीतही तेच. म्हणजे पाणी आलं ते शर्यतीच्या ट्रॅकवरून. फळ समोर आहे: ९९३ चं ३.६ लिटरचं इंजिन सुरुवातीला २७२ अश्वशक्ती द्यायचं, ९९६ च्या ३.४ लिटरने ३०० दिली. आणि ज्या १९९८ मध्ये म्हणे ९११ वारली, त्याच वर्षी वॉटर-कूल्ड ९११ जीटी१ ने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. (ती नावापुरतीच ९११ होती असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.)

"बिघडत नव्हती" हे तर जुन्या गाड्या उघडणाऱ्या मेकॅनिकला ऐकवून बघा. १९७० च्या दशकातल्या २.७ लिटर इंजिनाची क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, मॅग्नेशियमची. तापून तापून हेड घट्ट धरणारे स्टड (बोल्ट) आटे तोडून बाहेर यायचे. टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनर दगा द्यायचे. ऑइलच्या दाबावर चालणारे धड टेन्शनर १९८४ च्या मॉडेलला मिळाले. ९९६ च्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग कुप्रसिद्ध आहे, आणि ते गेलं की पूर्ण इंजिन जाऊ शकतं, हेही खरं. पण ते त्या इंजिनाचं दुखणं. त्याच ९९६ च्या टर्बो आणि जीटी३ या जास्त ताकदीच्या मॉडेलांमध्ये वेगळ्या कुळातलं इंजिन होतं, वॉटर-कूल्डच, आणि त्यात हे बेअरिंग नव्हतं.

राहिला चालवणाऱ्याचा कस. तो का लागायचा, ते बघू. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात की भार पुढे सरकायचा, मागच्या टायरांची पकड सुटायची आणि शेपूट तुम्हाला ओलांडून पुढे जायला बघायची. यात कंपनीला काही कौतुक वाटत नव्हतं. सुरुवातीच्या गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन टोकांना ११-११ किलोची लोखंडी वजनं बसवली. मग १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली आणि एकाऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या कोपऱ्यांत ठेवल्या. १९८९ च्या ९६४ ला एबीएस आणि पॉवर स्टिअरिंग मिळालं. ९९३ ला तर मागचं सस्पेन्शन नव्यानेच दिलं, नेमकं ही शेपूट आवरायला. ज्याला "खोड" म्हणून मिरवता, ती काढण्यात कंपनीची तीस वर्षं गेली, आणि ते काम एअर-कूल्ड गाड्यांतच झालं.

जुनीचे भाव चढलेत, हा पुरावा मानायचा तर दुर्मीळ टपाल तिकीट पत्र लवकर पोचवतं असं म्हणावं लागेल.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूला जाईन. २०११ मध्ये आलेल्या ९९१ ला इलेक्ट्रिक स्टिअरिंग दिलं, तेव्हा रस्त्याची बारीक कुजबुज हाताला लागेनाशी झाली. त्या आधीच्या ९९६ आणि ९९७, दोन्ही वॉटर-कूल्ड, हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या होत्या आणि तळहाताशी छान बोलायच्या. पहिल्या ९९१ जीटी३ मधून तर हाताचा गिअरही गायब होता. ओरड झाली तेव्हा २०१७ मध्ये तो परत आला. त्या मजकुरात १९९८ ऐवजी २०११ लिहिलं असतं, तर उत्तर देताना मला बराच घाम गाळावा लागला असता.