महिला सरपंच आल्या आणि गुन्हे वाढले? आकडा खरा, अर्थ उलटा

सध्या एक संदेश जोरात फिरतोय: 'पंचायतीत बायकांना आरक्षण दिलं आणि बायकांवरचेच गुन्हे वाढले. कारभार तर नवराच बघतो. शिवाय सुरक्षा हे पोलिसांचं काम, त्यात सरपंचबाईंचा काय संबंध?'

आधी आकड्याचं बघू, कारण तो खोटा नाही. 73व्या घटनादुरुस्तीनं 1993पासून पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखल्या, पण प्रत्यक्ष अंमल राज्याराज्यांत मागेपुढे झाला. या मागेपुढे होण्याचाच आधार घेऊन लक्ष्मी अय्यर आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी 2012 साली अभ्यास प्रसिद्ध केला. आरक्षणानंतर महिलांवरील गुन्ह्यांची नोंद बरीच वाढली, हे त्यात आहेच. संदेश तिथंच थांबतो. अभ्यास पुढं सांगतो की पुरुषांवरचे गुन्हे वाढले नाहीत आणि बाई-पुरुष हा भेद नसलेले गुन्हेही वाढले नाहीत. गुंडगिरी खरोखर माजली असती, तर ती इतकी निवडून कशी माजली? वाढल्या त्या मुख्यतः तक्रारी. जी मारहाण घरातल्या घरात दडपली जायची, ती पोलिसांच्या नोंदीत येऊ लागली. आणि हा परिणाम वरच्या पदावरच्या एखाददुसऱ्या बाईपेक्षा सदस्य म्हणून पुष्कळ जणी निवडून येण्यामुळे जास्त झाला.

'नवराच बघतो' हे काही गावांत खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळीकडेच तसं असतं, तर पश्चिम बंगाल आणि राजस्थानात सरपंचपद महिलांसाठी राखीव असलेल्या पंचायतींचा पैसा पिण्याच्या पाण्यासारख्या, बायकांनी मांडलेल्या गरजांकडे जास्त वळला नसता. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या संशोधकांनी 2004 साली हे दाखवलं आहे. आणि खुर्चीत घुसलेल्या नवऱ्याला उठवायचं सोडून खुर्चीच काढून घ्यायची, हा कुठला न्याय?

राहिला पोलिसांचा मुद्दा. पहिल्या वाक्यात गुन्ह्यांचं खापर सरपंचबाईंवर आणि शेवटच्या वाक्यात त्यांचा संबंधच नाही! पोलीस राज्य सरकारच्या हाताखाली असतात, हे बरोबर. पण रस्त्यावरचा दिवा पंचायत लावते. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. कुठल्या वाटेला अंधार असतो, कुठं टवाळखोर बसतात, हे तिथं उघड बोलता येतं. दारूच्या दुकानाबाबत तर गावातल्या बायका मतदान मागू शकतात, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकानबंदीच्या चिन्हाला, मत दिलं की दुकान बंद होतं.