बिलाल यांचं नाव घेऊन विषय बंद करू नका

"आपल्यात काळा-गोरा भेद नाही." जुन्या नाशकात वाढलेल्या कुठल्याही मुस्लिम मुलीनं हे वाक्य ऐकलेलंच असतं, जुम्म्याच्या बयानात (शुक्रवारच्या प्रवचनात), रबिउल अव्वलच्या म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या महिन्यातल्या जलशात, घरातल्या मोठ्यांकडून. आणि पुरावा म्हणून लगेच पैगंबरांचे साथी हजरत बिलाल. गुलाम, हबशी आईचा मुलगा, मक्केच्या तापलेल्या वाळूत छातीवर दगड ठेवला तरी "अहद, अहद" म्हणत राहिले, अबू बकर यांनी सोडवलं, आणि मदिनेत अजान द्यायला रसूलुल्लाहनी, म्हणजे पैगंबरांनी, त्यांनाच उभं केलं. सगळं खरंय आणि ऐकताना मला अजूनही भरून येतं. पण एवढं सांगून झालं की लोक विषय मिटला म्हणून उठतात, आणि माझा राग तिथं आहे.

त्याच मोहल्ल्यात रिश्ता लावणारी खाला आली की आधी रंग विचारते. मुलगी शिकलेली, नोकरीवाली, नमाजी, सगळं ठीक, मग आवाज खाली, "फक्त रंग जरा दबलाय". म्हणाल हे काय आपल्यातच आहे का, शेजारच्या हिंदू घरात पण हेच चालतं. चालतं ना. पण "आपल्यात नाही" हा दावा आपण करतो.

आणि खरा आफ्रिकन माणूस समोर आला की बघा. भावाच्या कॉलेजचा एक सुदानी मित्र ईदला आमच्याकडे आला होता. नमाजनंतर पोरं सेल्फीला गोळा, सगळे त्याला "बिलालभाई, बिलालभाई" करतायत, त्याचं नाव बिलाल नव्हतंच, कुणी विचारलं पण नाही. पुढं तोच रूम शोधत होता तेव्हा गळाभेट घेणाऱ्यांतल्याच एका चाचांनी सांगितलं, फॅमिलीवाली बिल्डिंग आहे बेटा, आणि तो गेल्यावर जे शब्द वापरले ते मी इथं टाकणार नाही.

आता दीनचंच सांगते. बुखारी या पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात हदीस आहे, त्यांचे साथी हजरत अबू जर यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवलं. दुसऱ्या रिवायतींत (कथनांत) शब्दही येतात, "काळ्या बाईच्या पोरा", आणि तो माणूस बिलालच होते असंही सांगितलं जातं. रसूलुल्लाह काय म्हणाले? आपल्यात असं काही नसतं, असं म्हणाले का? नाही. तोंडावर म्हणाले, तुझ्यात अजून जाहिलियत, इस्लामपूर्व काळातलं अज्ञान, आहे. एवढ्या मोठ्या सहाबीला, पैगंबरांच्या साथीदाराला! मग आपण कोण लागून गेलो की आपल्याला कुणी म्हणूच नये? पैगंबरांच्या शेवटच्या हजच्या खुतब्यातलं (प्रवचनातलं) "गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, तक्वा (अल्लाहचं भान) सोडून" हे सगळ्यांना पाठ आहे, अबू जरवाली हदीस बयानात किती वेळा येते?

पुढचा इतिहास पण असाच गाळून सांगतात. मलिक अंबर आपला अभिमान, इथियोपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, 1610 च्या सुमारास खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. त्याला विकणारे, विकत घेणारे कोण होते पण? आणि जहांगीर, तो पण मुसलमानच, आपल्या आठवणींत त्याला "काळतोंड्या" लिहितो, त्याच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतानाचं चित्र काढून घेतो, प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. सौदीत गुलामी कायद्यानं बंद झाली 1962 ला, मॉरिटानियात 1981 ला. आणि 2023 मध्ये ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष काळ्या आफ्रिकन स्थलांतरितांविरुद्ध बोलले आणि त्यानंतर त्या बिचाऱ्यांवर हल्ले झाले, घरांतून हाकललं, त्यांच्यात मुसलमान पण होतेच की.

मला माहितीये आता इनबॉक्सात काय येणार. "बाजी, हा टाइम आहे का हे बोलायचा, आधीच सगळे आपल्यावर टपलेत, कुणीतरी स्क्रीनशॉट काढून फिरवेल." फिरवेल, मला पण भीती वाटते. पण ज्याला आपल्याला शिव्याच द्यायच्यात तो माझ्या पोस्टसाठी थांबलेला नाही, आणि त्या सुदानी पोराला रूम नाकारली तेव्हा तिथं आपल्याशिवाय कुणी नव्हतं.

आणि हे लांबचं नाही हो. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. तिथं 1850 च्या दशकात ख्रिस्ती मिशनची वसाहत झाली आणि समुद्रात इंग्रजांनी गुलाम नेणाऱ्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं तिथं ठेवली, शिकवली. त्यातलाच जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-शोधक लिव्हिंगस्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, 1874 ला लंडनमध्ये अंत्यविधीला हजर होता. त्याला पकडून नेणारं जहाज अरब व्यापाऱ्यांचं होतं. मिशननं या पोरांना ख्रिश्चन केलं, नावं बदलली, तेही बोला, जरूर बोला. पण ती मुळात गलबतावर कशी आली हेही बोला. या रबिउल अव्वलला जलशात बिलाल यांचा किस्सा होईलच, त्याच स्टेजवरून अबू जर यांचाही सांगा, आणि शरणपूरच्या पोरांचाही.