काळ्याला काय ऊन लागतंय व्हय!

आमच्या घरात गोरं काय असेल तर म्हशीचं दूध. बाकी आज्जापासून माझ्यापर्यंत सगळा गडद माल. त्यामुळं गालांवर वांग उठले आणि डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर 'सनस्क्रीन' लिहिलं, तेव्हा मला वाटलं मागच्या पेशंटची चिठ्ठी माझ्या हातात आली.

बाई म्हणाल्या, "मेलॅनिन, म्हणजे कातडीतला काळा रंग, भरपूर आहे तुमच्याकडं, म्हणून कातडी लवकर भाजत नाही, कॅन्सरची भीतीही गोऱ्यांपेक्षा कमी. पण डाग पडायची खोड सावळ्यांनाच जास्त. वांगाला तर नुसता उजेडही पुरतो." अगदी काळ्याकुट्ट कातडीचं अंगचं संरक्षण मोजलं तरी एसपीएफ, म्हणजे ऊन अडवायच्या मापात, 13 च्या आसपास भरतं. बाईंना हवं होतं किमान 30. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रंग जपून आम्ही नापासच.

तर दोन बोटांवर रेघा ओढायच्या, तेवढं तोंडाला आणि मानेला फासायचं आणि उन्हात असलं तर दर दोन तासांनी परत तेच. पहिली ट्यूब झिंक ऑक्साईडवाली. झिंक ऊन अडवतं ते ठीक, पण ते अडवताना स्वतः दिसतं! घासून घासून गाल दुखले, तरी वर राखाडी-जांभळट थर तसाच. भुवया पिकल्या, दाढीच्या खुंटांत पांढरे कण अडकले, शर्टाच्या कॉलरला कड उमटली. एकूण, तांबडा रस्सा होता तिथं पांढरा वाढून ठेवला.

तालमीच्या कट्ट्यावर पोचलो तर, "काय भावा, गिरणीत लागलास काय?"

मावशी जरा सभ्य. "लगीन झालंय की रं तुझं, आता कुणाला दावायचंय?" फेअर अँड लव्हलीनं 2020 साली नावातलं 'फेअर' काढलं, आमच्या गल्लीनं डोक्यातलं काढायचं राहिलंय. तोंडाला काही लावलं म्हणजे गोरं व्हायलाच लावलं, यावर इथं एकमत आहे. डागाचं सांगितलं, तर सगळ्यांचं ठेवणीतलं वाक्य येतं, "काळ्याला काय ऊन लागतंय व्हय!"

"मग म्हशी काय गोऱ्या असतात? दुपारभर पंचगंगेत कशाला बसतात?" मी.

यावर कट्टा थोडा वेळ गप्प झाला. म्हशीचा दाखला दिला की कोल्हापुरात माणूस विचार करतो.

स्कूटीवरच्या पोरींना मात्र कुणी काही विचारत नाही. डोक्याला स्टोल, डोळ्यांना गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे; सख्खा बाप सिग्नलला शेजारी थांबला तरी ओळखायचा नाही. मी तोच स्टोल गुंडाळला तर पोलीस थांबवतील.

त्यात गाव असं, की उन्हाची तिरीप मोजायला गर्दी करतं. किरणोत्सवात मावळतीचे किरण पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखावर. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला डोळे लावून बसतात लोक. किरणांच्या वाटेत कुठली इमारत आडवी येते, यावर वर्षानुवर्षं वाद. अशा गावात किरण मुखापर्यंत पोचू नयेत म्हणून खिशात ट्यूब घेऊन फिरणारा मी एकटाच!

शेवटी बाईंनी रंगवाली सनस्क्रीन दिली. तिच्यात आयर्न ऑक्साईड असतं, ते उजेडही अडवतं आणि पांढरंही दिसत नाही. मेडिकलवाल्यानं 'सावळी' म्हणून जी छटा काढली, ती कोथरूडपर्यंतचीच होती. कोल्हापूरची मागवून घ्यावी लागली. आता तोंड तोंडासारखं दिसतं आणि वांगही फिकट पडू लागलेत, एवढं खरं.

परवा बाईंनी पायांकडं बघितलं. चपलेच्या पट्ट्यांखाली उजळ आणि बाकी काळं, अंगठ्याची गोल कडीसुद्धा छापल्यासारखी. "पायांनाही लावत जा," म्हणाल्या.

पायांना नाही लावणार. ती नक्षी अस्सल कोल्हापुरी आहे, फुकट मिळालीय, आणि मोजे घातले की दिसतही नाही. शिवाय ट्यूबचा भाव बघितलाय का तुम्ही?